चौक काढला, नवरी कुठाय?

दिवाळी अंकासाठी तुमच्या व्यवसायाबद्दल लिहाल का, असं विचारायला संपादकांचा फोन आला तेव्हा मी सवयीने म्हटलं, "माणसं किती आणि त्यात मासे खाणारी किती?" पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मी शाकाहारी आहे, पण मला लेख हवाय." इतका समंजस माणूस फोनवर क्वचित भेटतो, म्हणून हो म्हणून बसले.

आमची वाडी पालघर तालुक्यातल्या माहीमला. नारळ, सुपारी, केळी, थोड्या पानवेली आणि मधोमध घर. घराच्या मागच्या अंगाला खोल्या काढून मी पाहुणे ठेवायला लागले त्याला आता बरीच वर्षं झाली. आमचे हे तेव्हा बोईसरच्या एका कारखान्यात होते. पाळी संपवून घरी यायचे आणि अंगणात कोणी अनोळखी माणूस लुंगीवर दात घासताना दिसला की स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारायचे, "हा आपला कोण?" आता ते निवृत्त झालेत आणि मला धंद्यातलं शिकवतात.

धंदा तसा सोपा आहे. शुक्रवारी संध्याकाळी माणसं येतात, रविवारी दुपारची झोप काढून जातात आणि मधल्या वेळात त्यांना सारखं खायला घालायचं असतं. अवघड असतो तो फोन. "काकी, समुद्र किती वाजता असतो?" असं एका बाईंनी मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी हसू दाबता दाबता बेजार झाले. पण प्रश्न तिचा बरोबर होता. आमच्याकडे ओहोटी लागली की पाणी इतकं आत जातं की माणूस पोहायला म्हणून निघतो आणि चालूनच दमतो. तेव्हापासून मी समुद्राची वेळ सांगते, आणि उशीर झाला तर त्याची जबाबदारीही माझ्यावर येते.

दर मोसमात एक तरी कुटुंब मुंबईतल्या माहीमला उतरून फोन करतं. "काकी, पोचलो. रिक्षा कुठे मिळेल?" मी सांगते, तिथून आता पालघरची गाडी पकडा. एकदा एका गृहस्थांनी मात्र गाडी पकडलीच नाही. तिथलाच समुद्र बघितला, तिथेच मासे खाल्ले आणि संध्याकाळी घरी जाऊन मला फोन केला, "जागा सुंदर आहे हो, फक्त तुमचं घर तेवढं सापडलं नाही." दुसरे एकजण घिवलीपर्यंत फिरून आले. अणुवीज केंद्राच्या अलीकडचा तो किनारा त्यांना फार आवडला होता. मला फोटो दाखवून म्हणाले, "एवढे मागचे मनोरे काढता आले असते तर." जणू ते मीच उभे केले होते.

आणि बोंबलांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोळीवाड्यात बोंबील वाळवायला उभ्या बांबूंना आडव्या काठ्या बांधलेल्या असतात. आमच्याकडे उतरलेल्या एका मंडळाने पोहून आल्यावर आपले सगळे ओले कपडे त्या काठ्यांवर वाळत टाकले. गावाने पाहुण्यांसाठी केलेली सोय आहे असा त्यांचा समज. त्या काठ्या हिराबाईच्या. ती भांडायला आली नाही. तिने सगळे कपडे टोपलीत भरले, टोपली डोक्यावर घेतली आणि मासे विकायला निघते त्याच आवाजात आळीभर ओरडत आली, "बरमुडा घ्या, ताजा बरमुडा! आताच पान्यातून काढलाय." मंडळातले लोक वऱ्हांड्यात टॉवेल गुंडाळून बसले होते. मग चड्ड्यांवर घासाघीस झाली. शेवटी तिने प्रत्येकाच्या गळ्यात सुक्या बोंबलांची एक जुडी मारली, तेव्हा कपडे परत दिले. ती माणसं दरवर्षी येतात आणि आधी हिराबाईकडे जातात.

पर्यटनाने गावाचं काय झालं, असं मला कधी कधी शिकलेली मुलं येऊन विचारतात. मी काय सांगणार? रविवारी गावात दूध मिळत नाही आणि सोमवारी घ्यायला कोणी नसतं. तांदळाची भाकरी आम्ही पोट भरायला खात होतो, तिचे आता फोटो निघतात. रिक्षावाल्यांची मुलं चांगल्या शाळेत गेली. किनाऱ्यावर बाटल्या साचल्या. ज्यांच्या वाड्या गेल्या ते आता त्याच जागेवर हॉटेलच्या दारात सलाम ठोकतात. बरं आणि वाईट एकाच टोपलीतून येतं आणि मला ते निवडत बसायला वेळ होत नाही, कारण कोणीतरी हमखास गरम पाणी मागत असतं. पण आमच्या लाडकीचं काय झालं ते मला नीट सांगता येईल.

लाडकी वारली जमातीतली. मनोरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी तिचा पाडा. तिथे पावसाच्या पाण्यावर पिकणारा भाताचा एक तुकडा आहे. तो कापून झाला की ती आणि तिचा माणूस लहानू आमच्या वाडीत यायचे, पावसाळा तोंडावर आला की परत. लहानू नारळ उतरवतो. लाडकी आली तेव्हा पानवेलींना पाणी घालायची. पाहुणे सुरू झाले तशी स्वयंपाकघरात आली आणि आता मी नसले तर कोणाला कळत नाही, पण लाडकी नसली तर पाहुणे विचारतात, आज भाकरी अशी का झाली. या पाहुण्यांमुळे लहानूला वीटभट्टीवर जावं लागलं नाही हे खरं. आणि या पाहुण्यांमुळेच त्या दोघांचं लग्न राहिलं, हेही खरं.

वारल्यांमध्ये मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली, घरच्यांनी मान डोलावली, की नांदायला लागतात. लग्न मागाहून, जमेल तेव्हा. त्यात कोणाला वावगं वाटत नाही. अट एकच. मुलांचं लग्न करायचं तर आधी आईबापांचं झालेलं पाहिजे. कित्येकदा एकाच मांडवात दोन्ही उरकतात. ही लग्नं होतात भात घरात आलं की उन्हाळ्यापर्यंत, आणि आमचा मोसमही नेमका तोच. दरवर्षी लाडकी म्हणायची, "बाय, औंदा लगीन करून टाकू." मी म्हणायची, "कर गो, फक्त नाताळ जाऊ दे." नाताळ गेला की सव्वीस जानेवारी, मग होळी, मग मुंबईच्या शाळांच्या सुट्ट्या, आणि मग आभाळ भरून यायचं. ती हसायची, मीही हसायची. आता आठवलं की माझं मला वाईट वाटतं.

तोवर तिची थोरली सविता लग्नाची झाली. सविता पालघरला कापडाच्या दुकानात आहे, बोलायला चुणचुणीत. बोईसरच्या कंपनीतल्या एका मुलाशी तिचं जमलं. तिने आईला स्पष्ट सांगितलं, "मी तुझ्यासारखं नाय करनार. आधी लगीन, मंग नांदायला." मुलाकडचे म्हणाले, आमची तयारी आहे, पण आधी तुमचं दोघांचं होऊ द्या. आणि हे याच मोसमात, नाहीतर आम्हाला दुसरीकडून सांगून आलेलं आहे. सविता रोज रात्री आईला फोन करून विचारायची, कधी करता? लाडकी भाकऱ्या थापता थापता खांद्यात फोन धरून म्हणायची, "करतो गो. पावणे जाऊ देत."

याच सुमारास आमच्या ह्यांना अस्सलपणाचा झटका आला. आजूबाजूच्या सगळ्या रिसॉर्टनी भिंतींवर वारली चित्रं काढून घेतली होती. मधे तारपा वाजवणारा, भोवती नाचणारी माणसं, जिथे बघावं तिथे. एका ठिकाणी तर संडासाच्या दारावर पुरुष कुठला आणि बाई कुठली तेही तशाच त्रिकोणात. ह्यांचं म्हणणं, आपण काहीतरी वेगळं करू. म्हणून वाडीच्या टोकाला कारवीच्या कुडाची खोली बांधली. शेणामातीने लिंपलेल्या भिंती, वर कौलं आणि आत एसी. कुडाला एसीचं भोक पाडताना लहानू इतका हसला की शिडीवरून उतरावं लागलं. लाडकी म्हणाली, "आमच्या पाड्यावर समद्यांना सिमेंटची घरकुलं मिळाली. कूड बघायचा तर आता बायच्या वाडीत यावं लागल."

भिंत गेरूने सारवून झाली आणि हे लाडकीला म्हणाले, "तुमच्या बायकांना बोलाव. मला तो नाच नको. लग्नाचा चौक हवा, अगदी असतो तसा. आणि शनिवारपर्यंत. रविवार चालणार नाही." लाडकीने ऐकून घेतलं, म्हणाली, "बरं भाऊ," आणि पाड्यावर निरोप धाडला.

शनिवारी सकाळी पाड्यावरून जानीआजी आली, सोबत दोन सवाशिणी. जानीआजी म्हणजे धवलेरी. वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते, गाणी म्हणून. इतकी बारकी म्हातारी की पाटावर बसली तर पाटच दिसायचा, पण आवाज असा की शेजारच्या वाडीतला कुत्रा उठून उभा राहिला. सवाशिणींनी तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं, बांबूच्या काड्यांची टोकं चावून मऊ केली आणि दुपारभर भिंतीवर मोठा चौकोन भरला. कडेला बारीक नक्षीच्या ओळी, चंद्र, सूर्य, फणी, शिडी, आणि मधे पालघाट देवी. मी चहा घेऊन गेले तर हातातला कप तसाच राहिला. संध्याकाळी काम संपलं तशी त्यांनी चौकावर कापड टाकलं आणि जानीआजी दारात येऊन बसली.

त्याच खोलीत उतरायला डोंबिवलीच्या देसाईबाई सहकुटुंब दाखल झाल्या होत्या. दहा माणसं, तितक्याच बॅगा. हे मोठ्या हौसेने त्यांना घेऊन आले आणि जानीआजीला म्हणाले, "आजी, कापड काढा की. पाहुण्यांना दाखवू."

जानीआजीने विचारलं, "नवरी कुठाय?"

"कुठली नवरी?"

"जिचं लगीन हाय ती."

"लग्न नाहीये आजी. चौक हवा होता. भिंतीसाठी."

आजीने आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे. या घरात शहाणं कोण आहे याचा अंदाज घेत असावी. मग शांतपणे म्हणाली, "लगीन नाय तं चौक कशाला मांगितला? देवी बसवली मी. आता लगीन लावल्याबिगर ती उठनार नाय. मी पन नाय."

आणि ती उठलीच नाही. आतमध्ये देवी, दारात आजी, वऱ्हांड्यात दहा डोंबिवलीकर आणि आत एसी सुरू. हे घाम पुसत वाटाघाटी करायला लागले. भिंत पुसून टाकली तर? आजीने ह्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते स्वतःच पुसले गेले. दुसऱ्या कोणाचं लग्न पाड्यावर असेल तर भिंतच तिकडे नेऊ का? त्यावर दोन्ही सवाशिणी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. देसाईबाईंचा भाचा आणि त्याची मैत्रीण शेजारी शेजारी उभे होते. सगळ्यांच्या माना एकदम त्यांच्याकडे वळल्या. त्या दोघांनी सुपारीच्या झाडाकडे इतक्या बारकाईने बघायला सुरुवात केली की जणू दोघं शेतकी कॉलेजला होती.

शेवटी हे छाती काढून म्हणाले, "आजी, मग आमचंच पुन्हा लावा."

आजी म्हणाली, "हिला इचारलं का?"

मी नाही म्हटलं. इतक्या वर्षांनी कोणी विचारलं होतं, अशी संधी सोडणार कोण?

त्या हशात मला दिसली ती लाडकी. स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात घेऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. घाबरली होती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्या गोष्टीसाठी सविता रोज फोनवर आर्जवं करत होती ती गोष्ट भिंतीवर काढून तयार होती, आणि आम्ही सगळे नवरी शोधत होतो.

मी म्हटलं, "लाडके, हे तुझं."

ती हात पुसत म्हणाली, "बाय, उद्या रविवार हाय. दहा पावणे हायेत जेवायला. सोमवारी करू."

"सोमवारी आजी थांबेल?"

"थांबल ना. बसलीच हाय."

तेवढ्यात सगळ्यांच्या लक्षात आलं, नवऱ्या मुलाला अजून कोणी विचारलेलंच नाही. लहानू त्या वेळी माडाच्या शेंड्यावर होता. देसाईबाईंच्या मंडळीला शहाळी हवी होती. आम्ही सगळे, आजी सोडून, माडाखाली जमलो आणि हे वर तोंड करून ओरडले, "लहानू, लगीन करतोस काय उद्या?"

झावळ्यांतून आवाज आला, "कोनाशी?"

"लाडकीशी."

खाली दहा डोंबिवलीकर माना वर करून. लाडकी पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होती, दोन कर्त्या मुलांची आणि एका उपवर मुलीची आई. मग वरून लहानूने विचारलं, "मंग नारळ किती उतरवू?"

त्यानंतर जे झालं त्याला आमच्या धंद्यात नाव नाही. देसाईबाई बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या. त्यांनी बॅग वऱ्हांड्यात टाकली आणि पदर खोचून म्हणाल्या, "उद्याचं जेवण आम्ही करतो. नवरी चुलीपाशी जाता कामा नये." मी म्हटलं, अहो तुम्ही पाहुण्या. त्या म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला त्याचे जास्त पैसे देणार नाही, काळजी करू नका." हे गाडी काढून पाड्यावरची माणसं आणायला गेले. सविता पालघरहून रात्रीच आली, दुकानातून आईसाठी लुगडं घेऊन, आणि दारातच आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. मग आईच्या पिठाच्या हातांचे ठसे पाठीवर घेऊन घरभर मिरवत राहिली. हिराबाई बातमी ऐकून आली आणि म्हणाली, लग्नात मासे मी देते, पन टोपलीतच, ताटात नाय. हे असं का, ते मला अजून कळलेलं नाही.

सकाळी हळद लागली. सविता आणि तिचे दोन्ही भाऊ आईबापाला हळद लावत होते आणि लहानूच्या गालावर जरा जास्तच रगडत होते. बहुतेक लहानपणीच्या अंघोळींची उधारी. जानीआजीने सगळ्यांना बजावलं, कापड निघेपर्यंत मोबाइल बंद. देसाईबाईंच्या भाच्याने तरीही मोबाइलचा हात वर केला तेव्हा आजीने गाणं न थांबवता त्याच्या हातात नारळ ठेवला, मग दुसऱ्या हातातही. तो तसाच दोन्ही हातांत नारळ घेऊन संपूर्ण लग्नभर उभा राहिला. नंतर म्हणाला, मला सगळं नीट दिसलं. असं कधी दिसत नाही.

कापड निघालं तेव्हा लाडकी आणि लहानू त्या चौकासमोर एकमेकांच्या शेजारी उभे होते. इतकी वर्षं एका चुलीवर जेवलेली माणसं, पण एकमेकांकडे बघेनात. लहानूचे कान लाल झाले होते. आजीचं गाणं वर चढत गेलं. त्यातला अर्धा अर्थ मला कळत नव्हता, तरी डोळ्यांना धार लागली. माझ्या शेजारी देसाईबाई, त्यांच्या शेजारी आमचे हे, ओळीने सगळे रडत होते. मग वाजंत्री सुरू झाली आणि ओळीने सगळे नाचायला लागले. ह्यांना मी बोईसरच्या कारखान्याच्या वार्षिक समारंभातही हात हलवताना पाहिलं नव्हतं, ते पाड्यावरच्या पोरांच्या रांगेत कंबर वाकवून फेर धरत होते आणि उलट्या दिशेला जात होते.

संध्याकाळी सगळं निवल्यावर मी लाडकीजवळ बसले. ती हळदीच्या हातांनी विड्याचं पान खात होती.

"लाडके, एक सांग. आपल्या घरात लग्न नाही हे तुला माहीत होतं. चौक मागितला की आजी लग्नालाच येणार, हेही तुला माहीत होतं. मग भाऊंना तेव्हाच बोलली का नाहीस?"

ती पान चघळत म्हणाली, "भाऊ बोलले चौक काढा. मी बोललं, काढू देत. कोनाचं तरी व्हईल."

"आणि मग सोमवारी करू कशाला म्हणालीस?"

"भ्या वाटलं ना, बाय," ती म्हणाली आणि मला टाळी दिली. माझ्याही हाताला हळद लागली, ती दोन दिवस गेली नाही आणि मी काढलीही नाही.

देसाईबाईंच्या भाच्याने घरी गेल्यावर जे दिसलं ते लिहून कुठेतरी टाकलं. मग फोन सुरू झाले. "काकी, तुमच्याकडे वारली लग्नाचं पॅकेज आहे म्हणे. दोन रात्री, जेवणासकट?" एकाने विचारलं, जोडपं तुमचं की आम्ही आणायचं? एका रिसॉर्टवाल्याने ह्यांना गाठून भागीदारीची गोष्ट काढली. दर शनिवारी एक लग्न, हवं तर तेच नवरा-नवरी पुन्हा. ह्यांच्या डोळ्यांत थोडी चमक आलेली मी पाहिली. रात्री जेवताना त्यांनी विषय काढला, अगदी सहज, लोणच्याबद्दल बोलावं तसा. लाडकी वाढत होती. तिने ऐकलं आणि म्हणाली, "चाललं, भाऊ. पन मंग दर शनवारी मी नवरी. नवरी चुलीपाशी जात नाय. भाकऱ्या कोन करनार, तुमी?" हे पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. कुडाच्या खोलीत आता पाहुणे राहतात. आजी म्हणाली, लग्न झालं, चौकाचं काम झालं. एसीची हवा लागून एका कडेचं पीठ झडायला लागलंय. आम्ही ते पुन्हा भरून घेतलेलं नाही.

सविताचं लग्न ठरलं ते महिनाभराने, शनिवारी, पाड्यावर. शनिवार म्हणजे ऐन मोसमातला, सगळ्या खोल्या आधीच ठरलेल्या. लाडकी मला बोलवायला आली आणि नेहमीसारखं म्हणाली, "बाय, तुमाला जमल का? पावणे असतील." मी सगळ्यांना फोन लावले. कोणी चिडलं, कोणी हळहळलं. एका बाईंनी विचारलं, "काकी, काही वाईट झालं का?" मी सांगितलं, नाही हो, घरात लग्न आहे. फाटकाला कुलूप घालताना हे म्हणाले, "आपण शनिवारचं फाटक कधी बंद केलेलं आठवतंय?" मला आठवत नव्हतं.

पाड्यावर आम्ही पोचलो तेव्हा मांडव भरला होता. सविता नवरी होऊन बसली होती आणि जानीआजीचा आवाज दोन टेकड्यांपलीकडे जात होता. मी थोडा वेळ तो ऐकत बसले. मग पंगत बसली आणि माझी सवय जागी झाली. पलीकडच्या ओळीत भात पोचला नव्हता. मी उठले, पातेल्यातला डाव घेतला, दोघांना हाका मारून कामाला लावलं, "इकडे आमटी, त्या टोकाला भात, मुलांना आधी." दोन ओळी वाढूनही झाल्या. इतक्यात लाडकी आली. तिने माझ्या हातातला डाव काढून घेतला.

"बाय, तुमी पावण्या. बसा."

आयुष्यभर मी येणाऱ्या जाणाऱ्याला बसा म्हणत आलेय. मला कोणी म्हटल्याचं आठवेना. मी ह्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि हातांचं काय करायचं तेच सुचेना, म्हणून मांडीवर ठेवले. लाडकीने माझ्यापुढे पान मांडलं, पाणी शिंपडलं, नव्या भाताचा ढीग वाढला, वर वालाची आमटी ओतली. मी पहिला घास घेतला तेव्हा ती डाव हातात धरून समोर उभी होती, माझ्या चेहऱ्याकडे बघत.

"बरं झालंय का, बाय?"

मीठ जरा कमी होतं. मी म्हटलं, "लाडके, असं मी कधी खाल्लं नाही." आणि दुसऱ्यांदा भात मागितला.